मातीचा खासगी बंधारा: आधी भराव सांभाळा, मग पाण्यात उतरा

शेतातल्या घळीत घातलेला चार-पाच मीटर उंचीचा मातीचा बंधारा जुलैत तुडुंब भरला की घरची पोरं, पाहुणे, कृषी पर्यटनाला आलेली कुटुंबं सगळी पाण्याकडे धावतात. मालकानं मात्र आधी भरावाच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, कोरड्या बाजूला जाऊन यावं. बंधारा फुटायच्या बेतात असला तर पहिली खूण बहुधा तिथंच दिसते. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. तुमचा बंधारा त्यात बसत नाही, म्हणजे त्याची तपासणी तुम्हीच करायची.

सांडवा

मातीच्या भरावावरून पाणी गेलं की तो टिकत नाही. आधी कोरड्या बाजूची कड तुटते, मग घळ पडते, आणि घळ मागे सरकत पाण्यापर्यंत पोचते. म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारी वाट, पुरेसा आहे का, हे आकड्यानं तपासा. पाणलोटाचे हेक्टर गुणिले तासाचा जोरदार पाऊस (मिलिमीटरमध्ये) गुणिले ०.५ (पावसातलं निम्मं पाणी वाहून येतं असं धरून), भागिले ३६०. उत्तर येतं सेकंदाला घनमीटर. ४० हेक्टर पाणलोट आणि तासाला १०० मिमी पाऊस धरला तर साडेपाच घनमीटर. सांडव्यावरून ६० सेंमी जाडीचा प्रवाह जाऊ दिला तर दर मीटर रुंदीतून साधारण ०.८ घनमीटर पाणी निघतं, म्हणजे ७ मीटर रुंदी हवी. खडकाळ, उताराचं रान असेल तर ०.५ ऐवजी ०.७ धरा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाचा आकडाही वाढवा. सांडव्याचा उंबरा भरावाच्या माथ्यापेक्षा निदान दीड मीटर खाली हवा: ६० सेंमी प्रवाहासाठी, उरलेले ९० सेंमी लाटा आणि अंदाज चुकला तर त्यासाठी.

हे गणित बिघडवायच्या दोन सवयी सगळीकडे दिसतात. पाणी जास्त साठावं म्हणून उंबऱ्यावर वाळूची पोती किंवा फरशा रचतात. आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बारीक जाळी लावतात. जाळीत पाला, वाळकी काटकं, प्लास्टिक अडकलं की एका रात्रीत तिची भिंत होते. मासे राखायचेच असतील तर जाळी सांडव्याच्या बरीच अलीकडे, जलाशयात अर्धवर्तुळात लावा. ती सांडव्याच्या तिप्पट लांब असावी, आणि पावसाळ्यात रोज साफ व्हावी.

माथा मध्यभागी वर्षागणिक खचतो, आणि तो डोळ्यांना कळत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंड्यासारखी लेव्हल घ्या: सांडव्याजवळ एक खुंटी, मग दर १० मीटरवर एक. सगळ्यात खालची जागा सापडली की मे महिन्यात गवत खरवडून, माती ओलसर करून १५ सेंमीच्या थरांत भर घाला आणि प्रत्येक थर धुम्मसानं ठोका. ट्रॉलीभर माती नुसती ओतून ठेवली तर पहिल्या पावसात निघून जाते.

कोरडी बाजू

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पायथ्याशी चालत जा. मातीचा बंधारा थोडा पाझरतोच, त्यानं घाबरू नका. पाणी निवळ आहे का आणि तेवढंच आहे का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. पाझर एका चारीत वळवा, शेवटी नळीचा तुकडा बसवा, आणि १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते वहीत लिहा. शेजारी जलाशयाची पातळीही लिहा. पातळी तीच आणि बादली भरायला ५० सेकंदांऐवजी ३० लागू लागले, तर आत वाट रुंदावते आहे. पाणी गढूळ आलं तर ते भरावातली माती घेऊन येतंय. त्या क्षणी बाकीची कामं सोडा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, त्याआधी गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या.

सर्वांत संशयाची जागा म्हणजे भरावातून जाणारा पाइप. गोल पाइपाखाली माती नीट ठोकली जात नाही, आणि पाणी त्याच्या अंगालगत वाट काढतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हाही भराव पाणी सोडायच्या मोरीवरच खचला होता. जुना पाइप गंजला असेल तर भराव खणून नवा टाकण्यापेक्षा माथ्यावरून सायफन, म्हणजे पंपाशिवाय पाणी ओढून पलीकडे सोडणारा पाइप, बसवणं छोट्या मालकाला परवडतं. पाण्याच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह, खालच्या टोकाला व्हॉल्व्ह, सर्वांत उंच जागी पाणी भरायला टी आणि घट्ट झाकण. सांधे हवाबंद हवेत. पाण्याच्या पातळीपासून माथा ५-६ मीटरच्या आत असेल तोवरच तो भरवशानं चालतो.

भरावावर झाड नको. बाभूळ, निलगिरी, पिंपळ किंवा बेशरम मनगटाएवढी व्हायच्या आत मुळासकट काढा. मोठं झालेलं झाड नुसतं तोडलं तर मुळं कुजतात आणि भरावात पोकळ नळ्या राहतात. तिथं मुळं खणून काढायची, खड्डा पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद करायचा आणि थर ठोकत भरायचा. हे काम पाणी खाली असतानाच. माती धरायला हरळी उत्तम; वर्षातून दोनदा कापा, म्हणजे घुशी, साळिंदर आणि खेकड्यांची बिळंही दिसतील. काळ्या मातीच्या भरावाला उन्हाळ्यात भेगा पडतात. माथ्याच्या लांबीच्या भेगेपेक्षा आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणारी भेग जास्त वाईट. भेगेत चुन्याचं पातळ पाणी ओता, मग खणा. पांढरी रेघ जिथं संपेल त्याच्या ३० सेंमी खालपर्यंत खणून पुन्हा भरा आणि वर मुरमाचा थर द्या.

पाणी झपाट्यानं उपसू नका. दिवसाला ३० सेंमीपेक्षा जास्त पातळी उतरवली तर भिजलेला आतला उतार घसरतो. आणीबाणीत मात्र हा नियम बाजूला ठेवावा लागतो.

लोकांना पाण्याशी कुठं जाऊ द्यायचं

भरावावरून नाही. पोहणं, गळ टाकणं, पोळ्याला बैल धुणं, गणपती विसर्जन, सगळं नैसर्गिक काठावर. खुरांनी आणि पावलांनी उताराची माती निसटते, आणि शेवाळलेल्या पिचिंगवरून (उतारावरच्या दगडी अस्तरावरून) घसरलेल्या माणसाला वर यायला हात धरायला जागा नसते. बैलांसाठी बाजूला दगड-मुरमाचा घाट करा, तो पोहायच्या जागेपासून लांब असू द्या. माथ्यावर ट्रॅक्टर फक्त कोरड्या दिवसांत. चाकोरीत साचलेलं पाणी भरावात मुरतं. तंबू भरावाच्या खालच्या अंगाला कधीच नको, कितीही सपाट, सावलीची जागा असली तरी.

पोहायची जागा मे महिन्यात ठरवा, तळ उघडा असताना. खुंट, बाभळीचे काटे, तारा, फुटक्या बाटल्या उचला. गाळ काढताना जेसीबीनं केलेले खड्डे विशेष शोधा. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट तीन मीटर खोलीत पडतं ते अशाच खड्ड्यांमुळे. ते सपाट करा किंवा ती बाजूच बंद करा. छाती एवढ्या खोलीवर दोर बांधा आणि दर मीटरला रिकामा कॅन ओवा. पातळी बदलली की दोर हलवावा लागतो. पाइपाच्या तोंडापासून आणि वाहत्या सांडव्यापासून ३० मीटर कुणीही नको. होडीत बसणारा प्रत्येक जण लाइफ जॅकेट घालूनच बसेल, पट्टीचा पोहणाराही. सूर मारायला बंदी, दारू पिऊन उतरायलाही बंदी. पाण्यावर हिरवा रंगासारखा तवंग आला तर पोहणं बंद, जनावरांनाही ते पाणी नको.

काठावर दोन जागी लांब बांबू आणि २० मीटर दोर ठेवा. दोराच्या टोकाला ५ लिटरचा झाकणबंद कॅन बांधा आणि त्यात थोडं पाणी ठेवा, म्हणजे तो लांब फेकता येतो. बुडणाऱ्याला बांबू द्या, कॅन फेका, मागोमाग उडी मारू नका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर उलटं टांगणं, पोट दाबणं यात वेळ जातो. आधी तोंडावाटे ५ श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, रुग्णवाहिका येईपर्यंत. फोन १०८.

गढूळ पाणी आलं तर

माणसं आणि जनावरं खालच्या अंगावरून हलवा. ओढ्याकाठच्या घरांचे फोन नंबर, पोलीस पाटील, तलाठी आणि ११२ हे कागदावर लिहून माजघरात लावलेले असावेत. रात्री मोबाइलची बॅटरी संपते. सायफन आणि सगळे पंप सुरू करून पातळी उतरवा. कोरड्या बाजूला गळतीच्या तोंडावर चिखल किंवा चिकणमाती थापू नका. पाणी कोंडतं आणि दुसरीकडून जोरानं फुटतं. तिथं आधी धुतलेली जाड वाळू, वर बारीक खडी, वर जाड खडी आणि दगड, प्रत्येक थर निदान १५ सेंमी. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. पाण्याच्या बाजूला भोवरा दिसला तर चिकणमातीची पोती आणि ताडपत्री तिथं टाकायची, काठावरूनच आणि कमरेला दोर बांधून.

माथ्यावरून पाणी जायला लागेल असं वाटलं तर सखल जागी पोती रचा आणि सांडव्याशेजारच्या मूळ कठीण जमिनीत जेसीबीनं चर काढा. भरावात चर काढायचा नाही, तो काही मिनिटांत आपोआप रुंदावतो. यासाठी ५० रिकामी पोती, दोन ट्रॉली वाळू, खडीचा ढीग आणि चालू बॅटऱ्या मेअखेर बंधाऱ्याजवळ आणून ठेवा, भरावाच्या माथ्यावर नव्हे तर टोकाच्या पक्क्या जमिनीवर.