सरकत्या गाठींची गळ्यातली दोरी घरी कशी करावी

दोरीत ओवलेले पदक कधी गळ्यालगत, तर कधी छातीपर्यंत रुळावे अशी इच्छा असेल, तर त्यासाठी हुक किंवा साखळी लागत नाही. दोन सरकत्या गाठी पुरेशा होतात. पहिल्या प्रयत्नासाठी सुमारे 1.5 मिलिमीटर जाडीची, मेण लावलेली सुती दोरी घ्यावी, कारण मेणामुळे गाठ सरकते खरी, पण सोडली की जागेवर थांबते. सॅटिनची दोरी दिसायला सुंदर असली तरी निसरडी असते आणि चामड्याची दोरी ताठ असल्याने तिचे वेढे नीट बसवायला सराव लागतो.

लांबी ठरवताना बहुतेक जण केवळ गळा मोजतात, परंतु दोरी डोक्यावरून घालायची असल्याने डोक्याचा घेरच निर्णायक ठरतो. घेर 57 सेंटिमीटर असेल, तर पूर्ण उघडलेली दोरी किमान 65 सेंटिमीटर हवी. प्रत्येक गाठीसाठी 10 सेंटिमीटर आणि थोडी जादा धरून 90 सेंटिमीटरचा तुकडा कापावा. पदक किंवा मणी आधीच ओवून घ्यावेत. कारण दोन्ही गाठी बसल्यावर ते ओवायला मोकळे टोक उरत नाही.

आता पदक आपल्याकडे ठेवून दोरी टेबलावर वर्तुळाकार मांडावी आणि वरच्या बाजूला दोन्ही टोके एकमेकांना ओलांडून जातील, अशी समांतर ठेवावीत. डावीकडून आलेले आणि उजवीकडे गेलेले टोक मागे वळवावे, ते दोन्ही दोऱ्यांभोवती डावीकडे सरकत दोनदा सैलसर गुंडाळावे आणि मग त्या वेढ्यांच्या आतून उजवीकडे बाहेर काढावे. वेढे एकमेकांवर चढू न देता शेजारी शेजारी बसवून गाठ हळूहळू आवळावी. वेढे सुरुवातीलाच घट्ट घातले, तर टोक आत शिरत नाही आणि ते जबरदस्तीने घुसवताना दोरीचे तंतू विसकटतात. दुसऱ्या टोकाची गाठ याच पद्धतीने, पण उलट दिशेने घालावी.

या कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आता येतो आणि माझ्या मते त्यालाच सर्वाधिक वेळ द्यावा. गाठी एकमेकींपासून दूर ओढल्या की दोरी आखूड होते, जवळ आणल्या की लांब होते. दोरी गळ्यात घालून हे दहा-बारा वेळा करून पाहावे. पदकाच्या वजनाने गाठ आपोआप सरकत असेल, तर ती आणखी आवळावी किंवा सोडवून तिसरा वेढा द्यावा. बोटांनी जोर लावूनही हलत नसेल, तर थोडी सैल करावी. समाधान होईपर्यंत टोकांना कात्री लावू नये, कारण कापलेल्या आखूड टोकाने गाठ पुन्हा बांधता येत नाही.

खात्री पटल्यावर अर्धा सेंटिमीटर ठेवून टोके कापावीत. सुती टोकावर गोंदाचा बारीक थेंब लावावा, मात्र तो गाठीत उतरू देऊ नये, नाहीतर गाठ कायमची चिकटून बसेल. नायलॉनच्या दोरीचे टोक ज्योतीजवळ क्षणभर धरले की वितळून बंद होते. सुती दोरी मात्र पेट घेते, म्हणून तिला आच दाखवू नये.

ही दोरी ताण पडल्यावर आपोआप तुटत किंवा सुटत नाही. त्यामुळे ती लहान मुलांच्या गळ्यात मुळीच घालू नये आणि मोठ्यांनीही झोपताना काढून ठेवावी.