गूगल क्लाउडवर फक्त कंपनीच्याच लोकांना ॲक्सेस: डोमेन रिस्ट्रिक्टेड शेअरिंग कसं लावायचं

गूगल क्लाउडच्या आयएएम पेजवर (कुणाला कसला ॲक्सेस आहे ते जिथे दिसतं) जाऊन एकदा नीट बघा, बहुतेक छोट्या-मध्यम कंपन्यांत तिथे दोन-चार जीमेल ॲड्रेस सापडतातच. कुणी फ्रीलान्सर होता, त्याला घाईघाईत एडिटर रोल (बदल करायची परवानगी) दिला, काम संपलं, पेमेंट झालं, पण रोल तसाच राहिला. कंपनीतला माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचं वर्कस्पेस अकाउंट (कंपनीच्या डोमेनवरचं गूगल अकाउंट) बंद केलं की त्या अकाउंटचा क्लाउडचा ॲक्सेसही गेला, पण पर्सनल जीमेलवर तुमच्या ॲडमिनचा काहीच कंट्रोल नसतो. म्हणून डोमेन रिस्ट्रिक्टेड शेअरिंग, म्हणजे बाहेरच्या अकाउंटला रोल देऊच न देणारी पॉलिसी, लावाच, आणि ती कुठल्या क्रमाने लावायची ते सांगतो, कारण क्रम चुकला तर पॉलिसी लागलेली दिसते आणि आत जुनी माणसं तशीच बसलेली असतात.

आधी एक गोष्ट चेक करा. तुमचा प्रोजेक्ट ऑर्गनायझेशनच्या (गूगल क्लाउडमधली कंपनीची सगळ्यात वरची पातळी, जिच्याखाली सगळे प्रोजेक्ट येतात) खाली आहे का? वर प्रोजेक्ट निवडायच्या बॉक्समध्ये 'नो ऑर्गनायझेशन' असं दिसत असेल तर तो प्रोजेक्ट कुणाच्या तरी पर्सनल अकाउंटवर काढलेला आहे आणि त्यावर ही पॉलिसी लागणारच नाही, आधी तो ऑर्गनायझेशनमध्ये आणायला लागेल. वर्कस्पेस किंवा क्लाउड आयडेंटिटी (ईमेलशिवाय फक्त युजर अकाउंट सांभाळणारी गूगलची सेवा) असेल तर ऑर्गनायझेशन मिळतं, क्लाउड आयडेंटिटीचं फ्री एडिशनही आहे, म्हणजे ईमेल दुसरीकडे असलं तरी अडत नाही. आणि तुमचं ऑर्गनायझेशन 3 मे 2024 नंतर काढलेलं असेल तर ही पॉलिसी गूगलने आधीच लावून दिलेली असण्याची शक्यता खूप आहे, तेव्हा आधी बघा आणि मगच हात लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ही पॉलिसी मागच्या गोष्टींना लागू होत नाही. पॉलिसी लावल्यानंतर जो नवीन रोल द्यायला जाल तो तपासला जातो, आधी दिलेले रोल जसेच्या तसे चालू राहतात. म्हणजे दाराला कुलूप लावलं पण आत आधीच बसलेल्याला कुणी उठवलं नाही. त्यामुळे साफसफाई आधी. कन्सोलमध्ये 'ॲसेट इन्व्हेंटरी' उघडा, ऑर्गनायझेशन लेव्हलला जा आणि आयएएम पॉलिसीच्या टॅबमध्ये जीमेल डॉट कॉम सर्च करा, सगळ्या प्रोजेक्टमधले रोल एका जागी दिसतात, एकेक प्रोजेक्ट उघडत बसायला नको. मग तसंच 'ऑल युजर्स' आणि 'ऑल ऑथेंटिकेटेड युजर्स' हे दोन शोधा. हा दुसरा फार फसवा आहे, नाव वाचून वाटतं की आपल्या कंपनीत लॉगिन केलेले लोक, पण त्याचा अर्थ जगातला कुठलाही गूगल अकाउंटवाला असा आहे. जे सापडेल त्याची शीटमध्ये यादी करा, टीमला विचारा, ज्याचा मालक कुणी नाही तो रोल काढून टाका.

मग पॉलिसी. त्यासाठी 'ऑर्गनायझेशन पॉलिसी ॲडमिनिस्ट्रेटर' हा रोल लागतो आणि तो ऑर्गनायझेशन लेव्हललाच मिळतो, प्रोजेक्टचा ओनर असून उपयोग नाही. 'आयएएम अँड ॲडमिन' मध्ये 'ऑर्गनायझेशन पॉलिसीज' उघडा, वर ऑर्गनायझेशन सिलेक्ट करा, 'डोमेन रिस्ट्रिक्टेड शेअरिंग' शोधा, 'मॅनेज पॉलिसी' दाबा, पेरेंटची पॉलिसी ओव्हरराइड करा, रूल ॲड करा, व्हॅल्यू 'कस्टम' आणि टाइप 'अलाऊ' ठेवा. इथे डोमेनचं नाव टाकायचं नाही, सगळे इथेच अडकतात. इथे एकतर वर्कस्पेसचा कस्टमर आयडी जातो, जो कॅपिटल सी ने सुरू होतो आणि ॲडमिन कन्सोलमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या प्रोफाइलमध्ये मिळतो, नाहीतर ऑर्गनायझेशनचा प्रिन्सिपल सेट, म्हणजे ऑर्गनायझेशनमधल्या सगळ्या अकाउंटचा एकत्र गट, जातो. मी म्हणेन प्रिन्सिपल सेटच टाका, कारण त्यात तुमच्या माणसांबरोबर तुमच्या ऑर्गनायझेशनमधले सर्व्हिस अकाउंट (माणसांऐवजी प्रोग्रॅम वापरतात ते) आणि गूगलच्या सर्व्हिसेस तुमच्या वतीने वापरतात ते सर्व्हिस एजंटही येतात, नाहीतर काहीतरी सर्व्हिस सुरू करताना मध्येच एरर येतो आणि कारण सापडता सापडत नाही. एका वर्कस्पेसमध्ये दोन-तीन डोमेन असतील तर सगळे एकाच आयडीत येतात, वेगळे टाकायला नकोत.

सेव्ह केल्यावर लगेच टेस्ट करू नका, पंधरा मिनिटं तरी जाऊ द्या. मग एखाद्या टेस्ट प्रोजेक्टवर स्वतःच्या पर्सनल जीमेलला 'व्ह्यूअर' द्यायचा प्रयत्न करा. सेव्ह दाबल्यावर लाल एरर यायला हवा, त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की पॉलिसीतला युजर परवानगी असलेल्या कस्टमरचा नाही. तो आला म्हणजे काम झालं. याच कामासाठी आता नवीन मॅनेज्ड प्रकारचं कन्स्ट्रेंटही (पॉलिसीचा नियम) आलंय, त्यात ड्राय रन करता येतं, म्हणजे काय अडलं असतं ते आधी बघता येतं. नवीन सेटअप करत असाल तर तेही बघून घ्या.

अडचण कुठे येते? पब्लिक गोष्टींत. वेबसाइटच्या इमेजेसचं बकेट (फाइल्स ठेवायची जागा) पब्लिक करायला गेलात की अडणार, क्लाउड रनवर (गूगलची ॲप चालवायची सेवा) पब्लिक सर्व्हिस टाकायला गेलात की अडणार. क्लाउड रनला आता सोपा मार्ग आहे, इन्व्होकरची (सर्व्हिसला कॉल करणाऱ्याची) आयएएम तपासणीच त्या सर्व्हिसपुरती बंद करता येते, मग 'ऑल युजर्स' द्यायची गरजच पडत नाही. बकेटसाठी पब्लिक फाइल्सचा वेगळा प्रोजेक्ट काढा आणि फक्त त्या प्रोजेक्टवर पॉलिसी सैल करा. कुणी कितीही घाई केली तरी ऑर्गनायझेशन लेव्हलची पॉलिसी 'दोन मिनिटांसाठी' बंद करू नका, ती दोन मिनिटं महिनोन्‌महिने चालतात. बाहेरच्या व्हेंडरला खरंच ॲक्सेस हवा असेल तर त्याला तुमच्या डोमेनवर अकाउंट काढून द्या, काम संपलं की सस्पेंड करा.

आणि एक चोरवाट राहते ती बंद केल्याशिवाय उठू नका: गूगल ग्रुप. पॉलिसी ग्रुप कुठल्या डोमेनचा ते बघते, ग्रुपच्या आत कोण कोण आहे ते बघत नाही. म्हणजे तुमच्या डोमेनवरच्या ग्रुपला रोल दिलाय आणि ग्रुपच्या ओनरने त्यात एक जीमेलवाला घातला, की तो आत आला आणि कुठेही एरर आला नाही. ॲडमिन कन्सोलमध्ये 'ग्रुप्स फॉर बिझनेस'च्या शेअरिंग सेटिंगमध्ये जा, ग्रुप ओनरला बाहेरचे मेंबर घेऊ देण्याचा ऑप्शन असतो तो बंद करा, आणि ज्या ज्या ग्रुपला क्लाउडचे रोल दिलेत त्यांचे आत्ताचे मेंबर एकदा स्वतः डोळ्यांनी वाचून काढा.

सर्व्हिस अकाउंटच्या की फाइल्सना (त्या अकाउंटने लॉगिन करायच्या गुप्त किल्ल्या) मात्र ही पॉलिसी काहीच करत नाही, की ज्याच्या हातात आहे तो कुठल्याही डोमेनचा असला तरी चालतो. त्यासाठी सर्व्हिस अकाउंट की बनवणं बंद करणारी वेगळी पॉलिसी त्याच यादीत आहे, ती याच बैठकीत चालू करून टाका आणि जुन्या कीज शोधून डिलीट करा.