ग्रामसभेत कोणत्या खुर्चीवर बोलणं समजेल, हे आधीच कसं ओळखायचं

यवतमाळकडच्या खेड्यांत माझा साउंडचा धंदा आहे. मे महिन्यात टिनाच्या शेडात कूलर घरघरायला लागले की मागून एखादे काकाजी ओरडतातच, "आवाज वाढव ना बे!" पण राजेहो, आवाज वाढवला की टिनही जास्त घुमतं. त्यापेक्षा खुर्ची हलवा.

सभेआधी कूलर सुरू करा, एकाला माईकवर उभं करा आणि खुर्चीवर बसून डोळे मिटा. बोलणं कुठून येतंय? सरपंच समोर असले तरी बहुतेक वेळा ते जवळच्या बॉक्समधूनच येतं. तीच दिशा धरा. मग आलटून पालटून एकेका कानात बोट घाला. कूलर डावीकडे असेल तर उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो, विशेषतः स, श, त अशा बारीक आवाजांसाठी. ज्या कानानं जास्त समजतं, तो तुमचा पाया.

आता दोन्ही कान उघडे ठेवा. इथे वरकमाई होते. कूलरची घरघर एका कानाला किंचित आधी पोचते. फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. मेंदू दोन्ही कानांतली घरघर जुळवून एकमेकींतून वजा करतो, असं गणित ऐकण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ डरलाक यांनी 1963 मध्ये मांडलं. गोंगाटात बोलणं किती समजेल याचा अंदाज बांधणारी आजची संगणकी मॉडेलंही साधारण हेच करतात: चांगल्या कानाचा हिशेब, त्यात या वजाबाकीचा फायदा. ही वजाबाकी जाड, खालच्या सुरांत जास्त चालते.

फायदा मिळायला बोलणं आणि कूलर वेगळ्या बाजूंना हवेत. कूलर बॉक्सच्या मागे असेल तर वरकमाई शून्य. बॉक्स समोर आणि कूलर थेट तुमच्या पाठीशी असला तरी जवळपास तोच घाटा, कारण दोन्ही आवाज दोन्ही कानांना सारखेच पोचतात. तेव्हा डोकं थोडं बाजूला वळवा: बोलणं एका कानाकडे, कूलर दुसऱ्याकडे जातो. दोन्ही बाजूंना कूलर असतील तर दोन्ही हळू करण्यापेक्षा एक बंद करा.

घुमणं वेगळं तपासा. टाळी वाजवा, आवाज रेंगाळला तर वजाबाकी बिघडते, कारण घरघर चारी बाजूंनी यायला लागते. साधारण 50 मिलिसेकंदांच्या आत परतलेला आवाज बोलण्याला मदत करतो, उशिरा आलेला शब्दांवर चढतो. अशा शेडात बॉक्सच्या जवळ सरकणं हाच उपाय.

शेवटी माईकवरून सुटे शब्द वाचायला लावा: ढेप, सरकी, वखर, काडी, पाटी. वाक्य नको, ते अंदाजानं कळतं. निम्मे बरोबर आले तर खुर्ची काठावरची, दुसरी शोधा.

ज्यांचा एकच कान चालतो त्यांना वजाबाकी मिळत नाही. त्यांचा चांगला कान बॉक्सकडे, कूलर बंद कानाकडे, अशी खुर्ची लावा. आणि तिच्यावर आधीच दुपट्टा टाकून ठेवा, नाहीतर तिथे एखादं पोट्टं मोबाईल पाहत बसलेलं असतं.