सरासरी वेग: दोन वेगांची बेरीज करून दोनाने भागू नका

एकूण विस्थापन (निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह) भागिले एकूण वेळ, एवढंच सूत्र धरा. समजा, सरळ रस्त्यावर १२० किमीपैकी पहिले ६० किमी गाडी ताशी ४० किमीने गेली, उरलेले ताशी ६० किमीने. उत्तर ५० येत नाही. पहिल्या टप्प्याला दीड तास, दुसऱ्याला एक. १२० ला २.५ ने भागलं की ताशी ४८ किमी. हळू टप्प्यात गाडी जास्त वेळ असते, म्हणून सरासरी तिकडे झुकते. दोन्ही टप्प्यांना सारखाच वेळ लागला असेल तरच ५० बरोबर. मधला थांबाही वेळेत धरायचा, हे हमखास राहून जातं. आणि २० मिनिटं म्हणजे ०.२० तास नव्हे, १/३ तास! गाडी निघाल्या जागी परत आली तर सरासरी वेग शून्य, सरासरी चाल (प्रत्यक्ष कापलेलं एकूण अंतर भागिले एकूण वेळ) मात्र शून्य नाही.