बडोदा ते लंडन, एकट्याने आणि आडवं पडून

बडोद्याहून मुंबईमार्गे बिझनेस क्लासने लंडनला जायचं, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगळी तिकिटं स्वस्त पडली तरी पहिलं विमान रखडलं की पुढची कंपनी हात वर करते, आणि तुमची महागडी सीट रिकामीच उडते.

सीट घेण्याआधी नकाशा पाहा. १-२-१ मांडणीत (दोन्ही खिडक्यांशी एकेक सीट, मधे दोन) एकट्याने खिडकीच धरावी. त्यातही कन्सोल, म्हणजे सीटशेजारचा टेबलवजा कट्टा, पॅसेजच्या बाजूला असेल ती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागत नाही. २-२-२ मध्ये खिडकीवाल्याला रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडून जावं लागतं. पैसे तेवढेच! उंच माणसाने पहिली रांग बघावी. तिथे पाय सरकवायचा खण बहुधा रुंद असतो.

जेवण किमान २४ तास आधी नोंदवा. 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात चिकन-मटण येऊ शकतं. शाकाहाऱ्यांनी 'एशियन व्हेजिटेरियन' निवडावं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॅट-अवर क्षमतेपर्यंतची. भाकरवडी, लीलो चिवडो खुशाल न्या. पेढे आणि श्रीखंड मात्र बडोद्याच्या दांडिया बाजारातच संपवा, कारण भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.