स्वस्तातला ३२ इंची टीव्ही: रिव्ह्यू वाचताना आणि घरी लावताना या चुका टाळा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी चिपळूणच्या मावशीने पेन्शनमधून साठवलेल्या पैशांत ३२ इंची एलईडी टीव्ही घेतला. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "अरे, जुना डबाच बरा होता. ह्याच्यात माणसं जाडी दिसतात, सगळं भुरकट, आणि बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापलेली. परत देऊ का?" तोवर शेजारच्या मुलाने तिच्याच मोबाइलवरून एक स्टार देऊन 'पिक्चर क्वालिटी बेकार' असा रिव्ह्यूही टाकला होता.

शनिवारी मी गेलो. टीव्हीच्या मागे हात घातला तर लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिनांची जुनी वायर हाताला लागली. टीव्ही एचडी, सेट-टॉप बॉक्स एचडी, महिन्याचं पॅकही एचडीचं, आणि मध्ये ही वायर. पिवळ्या पिनेतून जुन्या डब्याच्या काळातलं ॲनालॉग चित्रच येतं, एचडी त्यातून येऊच शकत नाही. बाजारातून दोनशे रुपयांत एचडीएमआय केबल आणली, टीव्हीवर सोर्स (चित्र कोणत्या वायरीवरून घ्यायचं ते) बदलला आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार (रुंदी : उंची) ४:३ वरून १६:९ केला. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' निवडल्यावर कापलेली पट्टी पूर्ण दिसायला लागली. (काही टीव्हींवर यालाच 'स्क्रीन फिट' किंवा 'डॉट बाय डॉट' म्हणतात.) मावशी खुर्ची ओढून पुढे येऊन बसली. "अगं बाई, हिच्या साडीला बुट्टे आहेत की!"

तो एक स्टार टीव्हीला मिळाला होता, चूक वायरची होती. स्वस्त टीव्हींबद्दलच्या मतांत असं फार घडतं, म्हणून आधी रिव्ह्यू वाचण्याबद्दल लिहितो.

स्टार मोजू नका, तारीख बघा

'आजच आला, एक नंबर आहे' हा रिव्ह्यू कितीही मनापासून लिहिलेला असला तरी तुमच्या कामाचा नाही. नवा टीव्ही पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवडतो. सहा महिने, वर्ष वापरून लिहिलेली मतं शोधा, आणि त्यातही दोन-तीन स्टारवाली आधी वाचा. तिथे माणूस बरं काय आणि वाईट काय ते दोन्ही सांगतो. दुसरी गोष्ट, ३२, ४३ आणि ५५ इंची टीव्हींचे रिव्ह्यू बरेचदा एकाच पानावर एकत्र असतात. मत कोणत्या मापाच्या टीव्हीबद्दल आहे ते पाहिल्याशिवाय धरू नका. किमतीबद्दलची जुनी मतं तर बाजूलाच ठेवा. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे '४३ इंची फार महाग पडतो' हे आधीचं गणित आता जसंच्या तसं लागू होत नाही.

तक्रारींचेही प्रकार करा. खोका फाटला, कुरिअरवाला उद्धट बोलला, हे टीव्हीचे दोष नाहीत. पण वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळी माणसं एकच गोष्ट लिहीत असतील, उदाहरणार्थ 'आवाज येतो, स्क्रीन काळी', तर त्यावर विश्वास ठेवा. आपल्या जिल्ह्यातल्या कुणी सर्व्हिसबद्दल लिहिलं आहे का, तेही पाहा. पुण्यात दुसऱ्या दिवशी येणारा माणूस तालुक्याच्या गावी दुसऱ्या दिवशी येईलच असं नाही. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि कसे छापावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं आहे, पण गाळून वाचायचं काम शेवटी आपल्यालाच करावं लागतं.

खोक्यावरच्या शब्दांना भुलू नका

एचडी रेडी म्हणजे १३६६ × ७६८ ठिपके, फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०. ३२ इंची टीव्ही सात-आठ फुटांवरून बघणार असाल तर मालिका आणि क्रिकेटमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. लॅपटॉप जोडून अक्षरं वाचायची असतील तर मात्र जाणवतो, तेव्हा फुल एचडीच घ्या. '४के सपोर्ट' हे शब्द मात्र नीट वाचा (४के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके). त्याचा अर्थ बरेचदा इतकाच असतो की टीव्ही ४के फाइल उघडतो. काच तीच १३६६ × ७६८ ची असते. माहितीच्या तक्त्यात पॅनेलचं, म्हणजे पडद्याचं, रिझोल्युशन (ठिपक्यांची संख्या) काय लिहिलंय तेवढंच खरं धरा.

स्मार्ट टीव्ही स्लो चालतो ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती कोणत्याही केबलने जात नाही. १ जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेज असलेला टीव्ही वर्षभरात अडखळायला लागतो. नको ती ॲप्स काढा, कॅशे (ॲप्सनी साठवलेला तात्पुरता पसारा) साफ करा, थोडा फरक पडेल. तरीही भागत नसेल तर एचडीएमआयला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारं छोटं यंत्र) लावा आणि टीव्हीचा उपयोग नुसत्या पडद्यासारखा करा. घरी फक्त डिश किंवा डीडी फ्री डिश असेल आणि बघणारे आईवडील असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की साधा, स्मार्ट नसलेला टीव्ही घ्या. चालू केला की चॅनेल लागतं, आणि त्यांना तेवढंच हवं असतं.

भडक चित्र आणि काळी पडणारी स्क्रीन

टीव्ही पहिल्यांदा चालू करताना बरेच टीव्ही 'होम' की 'स्टोअर' असं विचारतात. घाईत 'स्टोअर' दाबलं जातं आणि दुकानातल्या झगमगाटासाठी बनवलेलं भडक चित्र घरात येतं. डोळे दुखतात ते वेगळंच, पण बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, सतत शंभरावर राहतो. एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीचा पडदा आणि मागे एलईडीच्या पट्ट्या. पट्टीतले दिवे सहसा एकामागोमाग एक जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे, म्हणून एक गेला तरी अख्खी ओळ विझते. जितकी उष्णता जास्त तितकं दिव्यांचं आयुष्य कमी. पिक्चर मोड 'स्टँडर्ड' ठेवा आणि बॅकलाइट पन्नास-साठवर आणा.

आणि आवाज आहे पण चित्र नाही अशी वेळ आलीच, तर खोलीत अंधार करून मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट गेला आहे. पट्ट्या बदलता येतात आणि ते पॅनेल बदलण्यापेक्षा खूपच स्वस्त पडतं. 'पॅनेल गेलं, नवीनच घ्या' असं कुणी म्हणालं तर आधी ही टॉर्च त्याच्यासमोर मारा.

पडद्यावर थेट फवारा मारू नका

हे मी अगदी कळवळून सांगतो, कारण गणपतीच्या आधीच्या साफसफाईत यामुळे किती टीव्ही जातात ते मी आमच्याच सोसायटीत पाहिलं आहे. काच पुसायचं लिक्विड पडद्यावर फवारलं की त्याचे थेंब खाली ओघळतात आणि खालच्या चौकटीच्या फटीतून आत जातात. अनेक टीव्हींत तिथेच पडद्याला चिकटवलेल्या, कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात. त्यांतूनच चित्राचे सिग्नल जातात. ओल लागली की आधी एक उभी रेघ येते, मग चार, मग अर्धा पडदा जातो. पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी असते, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. टीव्ही बंद करा, पडदा गार होऊ द्या आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसा. डाग हटत नसेल तर कापड किंचित ओलं करा, पडदा नाही.

बाकी थोडक्यात

वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढा. रिमोटने बंद करून भागत नाही, कारण झटका केबलमधूनही येतो. मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर वेगळ्या स्टॅबिलायझरची सहसा गरज नसते. त्या पैशांत चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारा बोर्ड) घ्या आणि घरचं अर्थिंग तपासून घ्या.

टीव्ही भिंतीवर फार उंच लावू नका. स्वस्त पॅनेलवर खालून बघताना रंग उडालेले दिसतात आणि दोष टीव्हीला दिला जातो. बसल्यावर नजर पडद्याच्या मध्याच्या आसपास यावी.

पेनड्राइव्हवर मोठा सिनेमा कॉपी होत नसेल तर ती फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, तर त्या फाइलचा ऑडिओ प्रकार टीव्हीला चालत नाही, स्पीकर ठीक आहेत.

रिमोट चालत नाही असं वाटलं तर तो मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुढचा छोटा दिवा कॅमेऱ्यात लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. ब्लूटूथ रिमोटला मात्र ही युक्ती लागू होईलच असं नाही.

खोका उघडताना व्हिडिओ काढा, आणि मागचा सिरियल नंबर बिलावरच्या नंबरशी जुळवून घ्या. फुटलेल्या पडद्याची तक्रार करायला कंपन्या मोजकेच दिवस देतात. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मावशीचा तो रिव्ह्यू आम्ही या दिवाळीत, वर्ष झाल्यावर बदलला. तिने सांगितलं, मी टाइप केलं: 'तीन पिनांच्या वायरवर चित्र वाईट, एचडीएमआयवर स्वच्छ. आवाज पातळ आहे, पंखा चालू असेल तर वाढवावा लागतो. यूट्यूब उघडायला वेळ लागतो. चिपळूणला सर्व्हिसचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. तीन स्टार.' मी पाठवणार एवढ्यात ती म्हणाली, "थांब. रिमोटवरची अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत, तेही लिही."