वादळ, गारपीट, पूर : मदत गावातच अडवणाऱ्या या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट, मेमध्ये वादळ, जुलै-ऑगस्टमध्ये पूर आणि सोयाबीन काढणीला आलं की परतीचा पाऊस. विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या तालुक्याला यातलं काहीतरी दरवर्षी गाठतंच. पुढे मदत आली नाही की सगळा राग मुंबईवर निघतो. कधीकधी तो रास्तही असतो. पण अडलेली प्रकरणं एकेक करून उलगडली तर त्यातली बरीचशी गावातच, पहिल्या दोन-तीन दिवसांत बिघडलेली सापडतात. नोंदच नीट झालेली नसते. सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवकांच्या हातात जे आहे, तेवढ्यापुरतंच इथे लिहितो.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे येतात. आता ते ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी झालेत. पाट्या बदलल्या तरी गावात जुनीच नावं चालतात, म्हणून इथेही तीच ठेवली आहेत.

आधी आवराआवर, मग फोटो

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वादळाने टिनं उडाली, भिंत खचली, की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी टिनं गोळा करून परत ठोकतो. पोराबाळांना पावसात कोण ठेवेल? मग तलाठी येतो तेव्हा घर उभंच असतं. काही ठिकाणी याच्या उलटही घडतं. कोणीतरी सांगतं, "पंचनामा होईपर्यंत हात लावू नका भाऊ," आणि घरातलं धान्य चार दिवस भिजत पडतं.

दोन्ही टाळता येतं. आधी फोटो काढा, मग ताडपत्री टाका. जागा, तारीख आणि वेळ फोटोवरच उमटवणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा. घराचे चारही बाजूंनी, एक आतून आणि एक घरमालकाला समोर उभं करून, असे फोटो हवेत. नुसत्या उडालेल्या टिनाचा फोटो कामाचा नाही, कारण घराच्या अंशतः पडझडीला मदत मिळायची तर किमान 15 टक्के नुकसान दिसावं लागतं, आणि पूर्ण घर फोटोत नसेल तर 15 टक्के कशाचे ते कळणार कसं? केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये आहेत, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. तफावत एवढी असल्यामुळे पंचनाम्यात 'अंशतः' लिहिलं की 'पूर्ण', हे घरमालकाने सही करण्याआधी वाचून घ्यावं.

मूळ फोटो फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर त्याचा दर्जा उतरतो आणि फाइलमधली जागेची-वेळेची माहितीही गळते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

घराच्या बाबतीत आणखी एक गाठ हमखास पडते. नमुना 8 ला, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीला, नाव वडलांचं, आणि घरात चुली तीन. यादीत एकच नाव लागतं आणि भावाभावांत जुंपते. कोण कुठल्या खोलीत राहतं, ते राशनकार्डासह पंचनाम्यातच लिहून घ्या. नंतर जोडलेला कागद तहसीलमध्ये फारसा चालत नाही.

33 टक्क्यांचं गणित धुऱ्यावर उभं राहून

पिकाला मदत मिळायची तर नुकसान किमान 33 टक्के लागतं. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांतला दर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, ओलिताला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये आहे, दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्य सरकार वेळोवेळी वेगळा जीआर काढून दर आणि मर्यादा बदलतं, म्हणून गेल्या वर्षीच्या आकड्यावर गावात कोणाला शब्द देऊ नका. ज्या घटनेची मदत, त्याच घटनेचा जीआर बघायचा.

नुकसानीचा टक्का रस्त्यावरून दिसत नाही. गाडीतून दिसणारं वावर हिरवंच असतं. सोयाबीनच्या बुडाशी पाणी तुंबलं तर शेंगांना कोंब फुटायला काही दिवस जातात. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, खालची बोंडं आधी सडतात आणि वरून काही कळत नाही. म्हणून शेतकऱ्याने पंचनामा करणाऱ्याला वावराच्या मधोमध न्यावं, दोन-चार झाडं उपटून दाखवावीत आणि पीक कुठल्या अवस्थेत आहे तेही लिहायला लावावं. पंचनामा फार लवकर झाला असेल आणि नुकसान नंतर वाढलं असेल, तर पुन्हा पाहणी करावी असा अर्ज तहसीलदारांकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडचे संत्रावाले गारपिटीनंतर पडलेली फळं लगेच वेचतात, कारण ती पडून राहिली की बागेत बुरशी वाढते. वेचा, पण त्याआधी झाडाखालचा सडा आणि झाडावर उरलेली फळं एकाच फोटोत येऊ द्या. नुसत्या ढिगाचा फोटो कुठल्याही बागेचा असू शकतो.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर करायची पिकाची नोंद, झालेली नसेल किंवा तुरीच्या जागी कापूस लागला असेल, तर वावरात काय उभं आहे यावरून वाद सुरू होतो. पाहणीची मुदत असते तेव्हाच गावातल्या दोन-तीन पोरांना बसवून, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची नोंद करून घ्यावी. ठेक्याने, बटाईने शेती करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं आणि पैसे मूळ मालकाच्या खात्यात जातात. बी-खत एकाचं आणि मदत दुसऱ्याला. हे मला पटत नाही, पण आज व्यवहार असाच चालतो. ठेका ठरवतानाच मदतीची वाटणी कागदावर घ्या.

"आमच्या मंडळात अतिवृष्टी नाही"

24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि तो मोजला जातो महसूल मंडळातल्या (काही गावांच्या मिळून केलेल्या गटातल्या) केंद्रावर. ढगफुटी तुमच्या शिवारात झाली आणि केंद्र दहा किलोमीटरवर कोरडं राहिलं, असं होतं. अशा वेळी गावं हात टेकतात, तिथेच चुकतं. नाल्याचं पाणी वावरात शिरलं असेल तर अर्जात नुसतं 'अतिवृष्टी' लिहू नका. पुराचं पाणी कुठल्या नाल्यातून आलं आणि कुठल्या गटांत किती वेळ उभं राहिलं, ते लिहा. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सततच्या पावसालाही आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला आहे, तोही लक्षात असू द्या.

पीकविमा आणि सरकारी मदत ही दोन वेगळी खाती आहेत. 72 तासांत विमा कंपनीला कळवलं म्हणजे पंचनामा झाला, असं बरेच जण धरून चालायचे. 2025 च्या खरिपापासून राज्यात विम्याची भरपाई पीककापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक वावरांत पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, ठरते, त्यामुळे गावाने कापणी प्रयोगाच्या दिवशी तिथे हजर राहणं महत्त्वाचं.

जनावरं

केंद्राच्या याच निकषांत दुधाळ गाय-म्हैस दगावली तर 37,500, ओढकामाच्या बैलाला 32,000, शेळीला 4,000 रुपये. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या आणि फोटोत कानातला बिल्ला दिसू द्या. 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय भरपाई नाही.

पूर ओसरल्यावर विहीर

पाणी उतरलं की लोकांना हायसं वाटतं, आणि गॅस्ट्रोची साथ नेमकी तेव्हा येते. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) अंदाजपंचे टाकणं ही इथली नेहमीची चूक. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, म्हणजे पाणी किती लिटर ते कळतं. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर 28,260 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरले तर साधारण 140 ग्रॅम पावडर लागते. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत मात्र आधी उपसा आणि गाळ काढणं आलं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतं. पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं का ते दाखवणारी चाचणी) करा आणि पिवळा रंग आला नाही तर परत टाका. पंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं राहिलेलं, ओल लागलेलं टीसीएलचं पोतं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका, त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं.

क्युसेक कोणाला कळतो?

वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची दारं उघडली, अमुक हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) विसर्ग, असा मेसेज ग्रुपवर येतो आणि लोक अंगठा देऊन मोकळे होतात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा पाणी वरून, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाकडूनही येत होतं. आपल्या गावात पाऊस नाही म्हणून निवांत बसणं नदीकाठी चालत नाही. 1991 मध्ये वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये 200 हून अधिक माणसं नेली.

मागच्या पुरात पाणी पुलावर, मंदिराच्या पायरीवर, शाळेच्या भिंतीवर कुठवर आलं होतं, तिथे तेलरंगाने रेघ मारा. वरच्या धरणातून किती सोडलं की किती तासांनी आपला पूल बुडतो, ते जुन्या माणसांकडून आणि पाटबंधारे शाखेकडून विचारून पंचायतीत लिहून लावा. निंदणाला गेलेल्या बायांकडे फोन नसतो, तेव्हा कोतवालाची दवंडी आणि मंदिराचा भोंगा अजूनही हवा. आणि निवाऱ्याची जागा म्हणून ठरवलेल्या जिल्हा परिषद शाळेची किल्ली तालुक्याला राहणाऱ्या मास्तरांच्या खिशात असू नये. दुसरी किल्ली पोलीस पाटलाकडे ठेवा.

यादीत नाव आहे, पैसे नाहीत

"काउन भाऊ, साऱ्याइचे आले, माहे काउन नाही आले?" हा प्रश्न पुढचे सहा महिने चावडीवर ऐकू येतो. या क्रमाने तपासा.

यादी नोटीस बोर्डावर लावून सुटका करून घेऊ नका. ग्रामसभेत नाव घेऊन वाचा, आक्षेप तिथेच लिहा. नाव आहे आणि व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) आला आहे, पण केवायसी झाली नाही, तर पैसे थांबतात. सेतू किंवा सीएससी केंद्रात अंगठा द्यावा लागतो. अ‍ॅग्रिस्टॅक या सरकारी शेतकरी नोंदणीचा ओळख क्रमांक असलेल्यांना 2025 च्या मदतीत यातून सूट होती. म्हातारीचे ठसे उमटत नसतील तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या.

केवायसी झाली तरी पैसे नाहीत? मग बहुतेक ते आले आहेत, पण दुसऱ्याच खात्यात. आधारवरून जाणारी रक्कम पासबुकावरच्या नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जमा होते. कधीकाळी सिमकार्डासोबत उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं असतं, आणि पैसे तिथे पडून राहतात.

जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतिपत्र लागतं. मयत खातेदाराचं नाव सातबाऱ्यावर असेल तर वारस फेरफाराशिवाय काही हलत नाही, आणि त्यासाठी आपत्तीची वाट कशाला पाहायची? बँकेने मदत कर्जात वळती केली तर शाखेत भांडत बसू नका. प्रशासन बँकांना तसं न करण्याच्या सूचना देत असतं. लेखी तक्रार तहसीलदार आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे द्या, सोबत जमा आणि कपात दोन्ही दिसणारं पासबुकाचं पान जोडा.